धाकटीचा कान

एकोणीस वर्षं धाकटीने लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या, आणि त्यातले शेवटचे आठ महिने ती स्वतः मात्र जिन्याने चढत होती.

घरात दोघी बहिणी. मोठी ती ताई, म्हणून ही धाकटी. ऑफिसात तिला लिफ्टबाई म्हणायचे. सकाळी हातात टॉर्च घेऊन छतावरच्या यंत्रखोलीत शिरायचं, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, खालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघायच्या आणि सगळं नीट असलं तर कागदावर सही करायची. तिची सही झाल्याशिवाय लिफ्ट चालू व्हायची नाही. कामाला चोख, बोलायला कमी, आणि वाद घालायला कुणी आलंच तर गप्प राहून आपलं म्हणणं खरं करणारी.

मग त्या पाच मजली इमारतीचं प्रकरण झालं. धाकटीने तिथली लिफ्ट तपासली, सही केली, आणि बरोबर अकराव्या दिवशी ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरली. पहिल्या मजल्यापाशी ब्रेक लागला, हिसका बसला. आतमध्ये एक टायपिस्ट बाई होती, ती पडली आणि तिचा घोटा मोडला. तीन महिने चौकशी चालली. तपासणीनंतर कुणीतरी ब्रेकची स्प्रिंग बदलली होती आणि चुकीची बसवली होती, हे सिद्ध झालं. धाकटीचा दोष नाही असा कागद तिला मिळाला. साहेबांनी स्वतः उठून चहा मागवला.

कागद तिने कपाटात ठेवला. भीती मात्र कुठल्याच कपाटात मावेना. ती गॅसचं बटण तीन-तीनदा बघू लागली. आठ वर्षांची लेक टिकली खुर्चीवर चढली तरी ती धावत जाऊन तिला खाली उतरवायची. दोन तासांच्या तपासणीला ती अख्खा दिवस लावायची आणि संध्याकाळी सही न करताच परत यायची. शेवटी साहेबांनीच महिन्याची रजा लिहून आणली आणि म्हणाले, "बाई, यावर तरी सही कराल ना?"

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं, त्याला ते सोडून हलता येत नव्हतं. तो म्हणाला, "चार दिवस ताईकडे जाऊन ये. टिकलीला तुझं गाव दाखव. नुसतं सांगत असतेस, बागेतली गाडी, तलाव, डोंगरावरचा रोपवे. त्या पोरीने काय पाहिलंय त्यातलं?"

काहीच पाहिलं नव्हतं. टिकलीच्या जन्मानंतर धाकटी माहेरच्या गावी गेली ती फक्त आजारपणाला आणि मरणाला. सकाळी पोचायचं, संध्याकाळी निघायचं. लहानपणी दर रविवारी बाबा दोघींना हाताला धरून जिथे न्यायचे, त्या जागा अजून आहेत की नाहीत हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

ताई पाचव्या मजल्यावर राहायची. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि पंचवीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायच्या सवयीमुळे तिचं साधं बोलणंही दोन मजले खाली ऐकू जायचं. टिकली लिफ्टपाशी थांबली, आईने तिचा हात धरून जिन्याकडे वळवलं. तिसऱ्या मजल्यावर वरून आवाज आला.

"अगं, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

"पाय मोकळे करतेय."

"बॅग घेऊन?" ताई कठड्यावरून वाकून बघत होती. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, वाकू नकोस ना."

पहिल्या दिवशी त्या बागेत गेल्या. छोटी गाडी अजून होती. इंजिनाला नवा निळा रंग दिला होता, पण वळणावरची करकर तीच होती. आणि ती फाटकाशेजारची आरशांची खोली, जिच्यात बाबा एकदा बुटके आणि एकदा ताडमाड व्हायचे, तीही होती. ताई आरशापुढे उभी राहून हात हलवत होती, "बघ टिकले, तुझी मावशी एकदाची बारीक झाली!" धाकटीला हसू आलं. आठ महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

पण गाडीत बसायची वेळ आली तेव्हा ती खाली वाकली आणि दोन डब्यांमधली कडी बघू लागली. कडीत खिटी होती, खिटीला साखळी होती, साखळीचा एक दुवा उघडा होता. तिने तो गार्डला दाखवला. गार्डने मान डोलावली, बोटाने दुवा दाबल्यासारखं केलं आणि शिट्टी मारली. पूर्ण फेरी होईपर्यंत धाकटी त्या कडीकडे बघत होती. बाग कशी होती ते तिला नंतर आठवेना.

घसरगुंडीपाशी तिने पायऱ्यांचे बोल्ट हलवून पाहिले. झोपाळ्यापाशी वरचा आडवा पाइप पाहिला. टिकली दोन झोपाळ्यांच्या मधे उभी राहिली आणि तिने विचारलं, "आई, हा पडेल का?"

"नाही पडणार."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"परत एकदा बघ ना."

धाकटीने पाइपावरची नजर काढली. तिने टिकलीकडे नीट पाहिलं. पोर झोपाळ्याची साखळी हातात धरून कड्या तपासत होती. तिच्या कपाळावर तीच आठी होती, जी धाकटीला रोज आरशात दिसायची. मागे लहान मुली रांगेत थांबून कुरकुरत होत्या. टिकलीने साखळी सोडली आणि म्हणाली, "मला नकोच."

ताईने हे सगळं पाहिलं. दुपारभर ती काही बोलली नाही, आणि ताई बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे धाकटीला माहीत होतं.

दुपारी ताईने त्यांना जुन्या पंपघराकडे नेलं. इथेच बाबांनी मेकॅनिक म्हणून तेहेतीस वर्षं काढली होती. गावाचं पाणी आता दुसरीकडून यायचं आणि पंपघराचं मुलांसाठी संग्रहालय झालं होतं. पंपांना लाल-पिवळे रंग दिले होते. बटण दाबलं की मोठा पंप हळूहळू फिरायचा, आणि काचेच्या नळ्यांतून रंगीत पाणी वर चढायचं. बाबांची काळी, तेलकट, कानठळ्या बसवणारी जागा आता फुगे लावल्यासारखी दिसत होती. धाकटीला आधी राग आला. मग टिकलीने बटण दाबलं, पंप फिरायला लागला, आणि त्या आवाजाने तिचा राग कुठल्या कुठे गेला. आवाजाला कुणी रंग दिला नव्हता.

तिने तिथे काम करणाऱ्या मुलीकडून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. ज्यात पंपाचा दांडा फिरतो त्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवलं आणि मूठ टिकलीच्या कानाला लावली. "ऐक. बाबा असे ऐकायचे. म्हणजे तुझे आजोबा. कान आतमध्ये गेल्यासारखा वाटतो की नाही?"

टिकलीचे डोळे मोठे झाले. "आत कुणीतरी वाळू चाळतंय!"

"वाळूसारखं ऐकू आलं तर थोडं ग्रीस हवंय. रेशमासारखं आलं तर ठीक. आणि खडे आले तर बाबा लगेच पंप थांबवायचे, मग साहेब ओरडू देत नाहीतर आणखी कुणी."

संध्याकाळी स्वयंपाकघरात ताईने शिजत ठेवलेलं बाहेर काढलं. "तुझं जे झालं ते वाईट झालं. पण आता पोरीला लागलंय ते. झोपाळ्यावर बसायच्या आधी आठ वर्षांचं लेकरू बोल्ट बघतं? उद्या रोपवेला जायचं. तू खाली थांब. मी तिला घेऊन वर जाते. आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस. कडी नाही, खिटी नाही, साखळी नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. तिला ते पटलंच होतं. रात्रभर ती कुशी बदलत राहिली, पण तिने स्वतःला बजावलं की उद्या तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची गर्दी होती. रोपवेच्या खालच्या ठाण्यापाशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दोन-दोन माणसांच्या उघड्या ट्रॉल्या, प्रत्येकीवर नंबर. ठाण्याच्या मधोमध माणसाच्या दुप्पट उंचीइतकं रुंद चाक आडवं फिरत होतं. दोर त्याला वळसा घालून पुन्हा डोंगराकडे जायचा. चाकाशेजारी लाकडी स्टुलावर ठाण्याचे मिस्त्री बसले होते. पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट, हात कायम लाल बटणाच्या जवळ. धाकटी लहान होती तेव्हा ते नवीनच लागले होते, मिशा तेव्हा काळ्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनेही ओळख दिली नाही. बोलायचंच नव्हतं.

ताई आणि टिकली सतरा नंबरच्या पिवळ्या ट्रॉलीत बसल्या. टिकलीने आडवी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आईकडे पाहिलं. धाकटीने चेहऱ्यावर हसू आणलं, अगदी ओढून-ताणून, आणि हात हलवला. "मस्त आहे! जा!" ट्रॉली उचलली गेली, पाय हवेत आले, आणि पोर एकदम खिदळली. तो आवाज ऐकून धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. सतरा नंबर लहान होत गेला. आणि तेव्हा तिला ते ऐकू आलं.

ट्रॉली चाकावरून वळली की खडखड व्हायची, तो आवाज तर रोजचाच. पण त्याच्या खाली आणखी एक आवाज होता. टक्. मग घर्र. मग टक्. ट्रॉलीच्या तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो चाकाच्या तालात होता. चाकाच्या एका फेरीला एकदा. आणि मधेच एखादी फेरी गाळून.

धाकटीने आधी स्वतःलाच दटावलं. आलं का तुझं सुरू? झोपाळ्याचा पाइप, गाडीची कडी, आणि आता हे. तिने पाठ फिरवली. शंभरपर्यंत आकडे मोजले. चाळीसला टक्, त्रेपन्नला टक्, सदुसष्टला काही नाही, ऐंशीला टक्. आठ महिन्यांत तिला ज्या शंभर गोष्टींची भीती वाटली होती, त्यातली एकही खरी निघाली नव्हती. मग एकशे एकावी खरी कशावरून? तिच्या कानावर तिचाच विश्वास उरला नव्हता. आणि ताईला शब्द दिला होता. आता इथे सगळ्यांसमोर तमाशा केला, रोपवे थांबवला, आणि काहीच निघालं नाही तर? टिकली अधांतरी लटकणार, खाली बघणार, आणि तिला कळणार की आईने पुन्हा काहीतरी केलं. पोर आयुष्यात परत कशावर बसणार नाही.

आणि बोललं नाही, तर?

ती मिस्त्रींपाशी गेली. "काका, त्या चाकाचा आवाज येतोय."

"येणारच की. चाक आहे ते."

"तसा नाही. बेअरिंगचा. खडे फिरल्यासारखा."

मिस्त्रींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, अठ्ठावीस वर्षं मी या स्टुलावर बसून हा आवाज ऐकतोय."

"म्हणूनच तुम्हाला तो ऐकू येत नसेल," धाकटी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. "हळूहळू वाढलेला आवाज रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. तुमच्याकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"तुम्ही कोण?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. कान तापले. "मी लिफ्ट तपासते. तेच माझं काम आहे."

मागे रांगेतून एक आवाज आला, "काय झालं? का थांबलंय?" थांबलं काहीच नव्हतं. पण बोलाचाली झाली की लोकांना थांबल्यासारखं वाटतं.

मिस्त्रींनी हत्याराच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला. उपकार केल्यासारखाच दिला. धाकटी जाळीच्या दाराने आत गेली, वाकली, आणि बेअरिंगच्या लोखंडी घराला टोक लावून मूठ कानाशी धरली. तिने डोळे मिटले. रेशीम नव्हतं. वाळूही नव्हती. डब्यात मूठभर खडे घालून कुणीतरी तो डबा गरागरा फिरवत होतं, आणि मधेच एखादा खडा अडकून सुटत होता.

तिने मूठ मिस्त्रींच्या कानाला लावली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? या कानाने मला आता कमीच येतं. कुणाला सांगू नका." आणि त्यांनी तळहात उघडा करून बेअरिंगच्या घरावर ठेवला. दोन सेकंद. हात झटकन मागे आला. त्यांचा चेहरा बदलला.

"दुपारी तापतं हे," ते म्हणाले. "पण आत्ता तर दहा वाजताहेत."

लाल बटणाकडे त्यांचा हात गेला. धाकटीने तो धरला. "थांबवू नका!"

"अहो, तुम्हीच तर..."

"आत्ता बंद केलं आणि परत फिरलंच नाही, तर सगळे वरच अडकतील. माझी मुलगी वर आहे. सतरा नंबर." तिचा आवाज फाटला. मग ती थांबली, श्वास घेतला, आणि यंत्रखोलीत बोलायची तशी बोलू लागली. "नवीन कुणाला बसवू नका. वर फोन करा, वरूनही कुणाला बसवू नका म्हणावं. वेग निम्मा करा. हवेत आहेत तेवढे उतरू देत. मी बेअरिंगला कान लावून थांबते. मी हात वर केला तर दाबा बटण."

मिस्त्रींनी क्षणभरच विचार केला. मग रांगेच्या तोंडाशी साखळी लावली, फोन उचलला, आणि वेगाचा दांडा खाली ओढला. चाक संथ झालं. टक्टक् मात्र तशीच राहिली, फक्त लांब-लांब झाली.

पूर्ण वेगात बारा मिनिटांची चढण आता चोवीस मिनिटांची झाली होती. सतरा नंबरची जेमतेम एक तृतीयांश वाट झाली होती. म्हणजे अजून सोळा मिनिटं. त्या सोळा मिनिटांत धाकटी वाकून उभी राहिली, कंबर मोडल्यासारखी झाली, आणि कान त्या मुठीला चिकटून बसला. खड्यांचा आवाज थोडाही बदलला की तिचा हात अर्धा वर जायचा आणि परत खाली यायचा. ताईला फोन करावा का? ताई ओरडेल, उभी राहील, ट्रॉली झोके घेईल. नको. न करता राहवेना. तरी नको. एकदा चाक किंचित अडखळलं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, थांबा. चाक पुढे फिरलं. आपण चुकलो की बरोबर, हे तिला त्या क्षणीही कळत नव्हतं.

तोवर व्यवस्थापक धावत आले होते. "कोण बंद करतंय? सुट्टीचा दिवस आहे! परवाच ग्रीस भरलंय!" रांगेतले लोक चिडले होते, एक बाई कडेवरच्या मुलीला घेऊन तावातावाने भांडत होती, "दोन तास उभ्या आहोत आम्ही!" मिस्त्री एकाही शब्दाला उत्तर देत नव्हते. त्यांनी व्यवस्थापकांचा हात धरला आणि सरळ बेअरिंगच्या घरावर टेकवला. व्यवस्थापक "आई गं" म्हणाले आणि मग त्यांनी भांडणाऱ्या बाईकडे मोर्चा वळवला.

वरून फोन आला. सतरा उतरली. धाकटीला ऐकू आलं, पण ती हलली नाही. सतराच्या मागे अजून आठ ट्रॉल्या होत्या. त्यांतही कुणाची ना कुणाची पोरं होती. शेवटची माणसं उतरल्याचा फोन आला, तेव्हा मिस्त्रींनी बटण दाबलं. चाक थांबलं. थांबताना असा काही कर्रकन आवाज झाला की रांगेतली माणसंसुद्धा गप्प झाली.

मग धाकटी धावली. वर जायला जुन्या पायऱ्या होत्या, नऊशेहून जास्त. अर्ध्या वाटेवर तिला त्या दोघी भेटल्या. ताई एका पायरीवर बसली होती, चपला हातात, चेहरा घामाने डबडबलेला. तिचे गुडघे आधीच दुखरे.

"काय केलंस तू खाली?" ताईचा आवाज डोंगरभर गेला. "वर उतरल्या उतरल्या सांगतात, बाई, आता चालत जा! का म्हणून विचारलं, तर म्हणे खाली कुणा बाईंनी काहीतरी ऐकलं. मी तिथेच ओळखलं कुठली बाई ते!"

"बेअरिंग गेलं होतं, ताई. खरंच गेलं होतं."

"मग मला फोन का नाही केलास? ती ट्रॉली मधेच एवढी हळू झाली. माझा जीव टांगणीला लागला होता. खाली बघायची सोय नाही, वर बघायची सोय नाही. अर्धा तास मी डोळे मिटून बसले होते!"

"तू उभी राहिली असतीस म्हणून नाही केला."

ताई म्हणाली, "राहिले असते."

धाकटीने टिकलीला जवळ ओढलं. तिचे हात, पाय, पाठ चाचपली. टिकली तिच्या हातातून सुटायला बघत होती. "आई, हळू झालं ना, तेव्हा सगळं दिसलं! पंपघर दिसलं. तलावावरच्या होड्या दिसल्या. मावशीने डोळे मिटले होते, मग मीच तिला सांगत होते काय काय दिसतंय ते." मग तिने विचारलं, "तू आजोबांसारखं ऐकलंस?"

"हो."

"खडे होते?"

"होते."

टिकलीने मान डोलावली, जणू तेवढंच विचारायचं होतं, आणि पायऱ्या उतरायला लागली. धाकटीच्या तोंडून "हळू, धावू नकोस" निघालंच.

तिसऱ्या दिवशी बाहेरून एक जाणकार आला आणि त्याने बेअरिंग उघडलं. मिस्त्रींनी धाकटीला मुद्दाम बोलावलं. आतल्या रोलरांना जागेवर धरून ठेवणारी पितळी कडी तीन ठिकाणी तुटली होती, तिचे तुकडे लोळत होते, दोन रोलरांवर चट्टे पडले होते. धाकटीने एकच प्रश्न विचारला. रात्रभर तिला तोच प्रश्न सतावत होता. "अजून किती चाललं असतं?"

जाणकाराने खांदे उडवले. "काल दुपारपर्यंत. किंवा अजून महिना. हे कुणीच सांगू शकत नाही."

ती तिथेच उभी राहिली. कुणीतरी एकदाचं सांगावं, बाई, तुम्ही माणसं वाचवलीत, किंवा बाई, तुम्ही उगाच घाबरलात, असं तिला वाटत होतं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. मिस्त्री तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आपल्या कानाचं व्यवस्थापकांना सांगून टाकलं होतं. आता आठवड्यातून एकदा दुसरं कुणीतरी येऊन ऐकणार होतं. "मला स्टुलावरून उठवतील असं वाटलं होतं," ते म्हणाले. "भीतीने चार वर्षं बोललो नाही बघा."

त्याच दुपारी तिघी तलावावर गेल्या. पायाने चालवायच्या होड्या, हंसाच्या आकाराच्या, रंग उडालेल्या. धाकटीने होडीवाल्याला जॅकेटच्या पट्ट्यांबद्दल विचारलं, मग होडीच्या बुडाबद्दल. तिसरा प्रश्न ओठांवर आला होता. टिकली आधीच आत जाऊन बसली होती आणि पाय मारून बघत होती. धाकटीने तो प्रश्न गिळला आणि आत पाऊल टाकलं. होडी एका बाजूला कलली. ताई काठावरून ओरडली, "मी येत नाही हं, मी इथून बघते!" पाण्याच्या मधोमध पोचेपर्यंत धाकटीने होडीची कड सोडली नाही. टिकलीला रेषेत होडी चालवता येत नव्हती, ती गोल-गोल फिरत राहिली, आणि धाकटीला मळमळायला लागलं, तरी ती "परत चल" म्हणाली नाही.

रजा संपल्यावर ती कामावर गेली. पहिली सही करायला तिला अर्धा दिवस लागला, दुसरीला थोडा कमी. सही केल्यानंतर अकरा दिवस ती रोज रात्री त्या इमारतीचा विचार करायची. बाराव्या दिवशीही करायची. भीती गेली असं ती कुणाला सांगत नाही. पण कुठली भीती कानातून आली आणि कुठली नुसती डोक्यातून, हे तिला कधीकधी ओळखता येतं. कधीकधी नाहीच येत. मग ती स्क्रू-ड्रायव्हर काढते आणि पुन्हा ऐकते.

सात आठवड्यांनी मिस्त्रींचा फोन आला. नवं बेअरिंग बसलं होतं. दोन दिवस रिकाम्या ट्रॉल्या फिरवून झाल्या होत्या. "रविवारी सुरू करतोय. पहिल्या फेरीला याल?"

"येते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्याबरोबर उठून गॅसचं बटण बघून आली.

रविवारी सकाळी ती आणि टिकली ट्रॉलीत बसल्या. ताई खाली मिस्त्रींच्या शेजारी उभी होती, आणि चाकाकडे अशा नजरेने बघत होती, जणू वर्गातलं सगळ्यात द्वाड पोर समोर आहे. ट्रॉली उचलली गेली. धाकटीने दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. खाली झाडांचे शेंडे आले, मग शाळेचं छप्पर, मग नुसती खोल दरी. टिकली एकेक दाखवत होती. "ती बघ बाग! ती बघ, मावशी हात हलवतेय!" धाकटी ऐकत होती, पण पोरीचं नाही, वर दोराचं. खडखड झाली की तिचे खांदे ताठ व्हायचे, आणि खडखड संपली की पुढच्या खडखडीची वाट बघायचे.

वर उतरल्यावर टिकलीने विचारलं, "आई, तुला काय काय दिसलं?"

धाकटीने आठवून पाहिलं. काहीच आठवेना. पूर्ण बारा मिनिटं तिने फक्त दोर ऐकला होता.

"काही नाही गं," ती म्हणाली. "उतरताना बघते. तू सांगत राहा."

आणि त्या उतरायच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.